१४०० वजा ३६० : शहराच्या धोरणात आरोग्याचा प्रश्न कसा शिरतो?



महानगरपालिकेची कामं कोणती, असं विचारलं की मुलं धडाधड यादी म्हणून दाखवतात. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, कचरा, रस्ते, आरोग्य. यातल्या 'आरोग्य' या शब्दाचा अर्थ मुलांच्या (आणि खरं सांगायचं तर आपल्याही) डोक्यात लसीकरण, डासांची फवारणी आणि पालिकेचा दवाखाना एवढाच असतो. रस्ता किती रुंद करायचा, जुनी इमारत पाडून तिथे काय बांधायचं, हे आरोग्याचे निर्णय आहेत असं कुणी म्हणत नाही. ते दुसऱ्या खात्याचं काम!

आजचा पाठ या 'दुसऱ्या खात्या'बद्दल आहे. उदाहरण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचं घेतलंय. कारण तिथे शहराच्या आरोग्य विभागानेच बांधकामाच्या आणि जमीनवापराच्या फायलींमध्ये लक्ष घातलं, आणि त्यातून काय साधलं, काय साधलं नाही, हे दोन्ही आपल्याला पाहता येतं. आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हा विषय नीट होतो. पालकांनाही घरी मुलांशी बोलताना उपयोगी पडेल.

आधी एक वजाबाकी

फळ्यावर फक्त एवढंच लिहा : १४०० – ३६० = ?

उत्तर १०४०. आता गोष्ट सांगा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवर ट्रिनिटी प्लाझा नावाची निवासी इमारत होती. एकेकाळचं हॉटेल, पुढे त्याची भाड्याची घरं झाली. घरं ३६०, सगळी भाडेनियंत्रणाखाली. राहणाऱ्यांत म्हातारी माणसं, बाहेरून येऊन स्थिरावलेली कुटुंबं, तुटपुंज्या कमाईवर महागड्या शहरात तग धरून असलेले लोक. २००३ मध्ये मालकाने प्रस्ताव दिला की ही इमारत पाडायची आणि त्या जागी सुमारे १४०० नवी घरं बांधायची.

शहराला घरांची टंचाई होतीच. ३६० जाणार, १४०० येणार. निव्वळ वाढ १०४० घरांची. मग हरकत कशाला घ्यायची? तिथल्या नियोजन विभागाची सुरुवातीची भूमिका साधारण अशीच होती. घरं वाढतायत, तेव्हा रहिवाशांचं विस्थापन हा पर्यावरणावरचा वाईट परिणाम म्हणून अभ्यासायची गरज नाही.

इथे थांबा आणि मुलांना विचारा, या वजाबाकीत चूक कुठे आहे? गणितात चूक नाहीच. पण ज्या ३६० घरांत माणसं राहत होती ती बाकीत कुठे दिसतात का? बाहेर पडणारे आणि आत येणारे एकच लोक नाहीत. शिवाय त्या शहराच्या नियमानुसार जून १९७९ नंतर बांधलेल्या घरांना भाडेनियंत्रण सहसा लागू होत नाही. म्हणजे जुनी इमारत पडली की तिच्याबरोबर परवडणारं भाडंही गेलं. नवीन घर त्याच जागेवर उभं राहिलं तरी जुन्या भाडेकरूला ते मिळणार नव्हतं.

माझा अनुभव असा की 'सरासरी' आणि 'निव्वळ' हे दोन शब्द मुलांना गणिताच्या तासाला कळतात, पण समाजशास्त्राच्या तासाला ते काय लपवू शकतात हे कळायला असं एखादं उदाहरणच लागतं.

आरोग्य परिणाम मूल्यांकन म्हणजे काय?

एखादं धोरण, योजना किंवा प्रकल्प मंजूर होण्याच्या आधी त्याचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, आणि मुख्य म्हणजे कोणत्या लोकांवर होईल, हे पद्धतशीरपणे तपासणं म्हणजे आरोग्य परिणाम मूल्यांकन. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९९ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे तयार झालेल्या मसुद्यात त्याची व्याख्या मांडली, ती आजही वापरली जाते.

पायऱ्या परीक्षेसाठी पाठ करायच्या असतील तर सहा आहेत. मूल्यांकनाची गरज आहे का ते ठरवणं, काय काय तपासायचं त्याची व्याप्ती आखणं, प्रत्यक्ष मूल्यमापन, शिफारशी, अहवाल लोकांसमोर ठेवणं आणि पुढे काय झालं त्यावर लक्ष ठेवणं. पण मला विचाराल तर सगळा जीव दुसऱ्या पायरीत आहे. व्याप्ती आखतानाच जे बाहेर राहिलं ते पुढे कितीही बारकाईने मोजमाप केलं तरी आत येत नाही. ट्रिनिटी प्लाझात नेमकं हेच घडत होतं.

'आधी' हा शब्द मुलांकडून दोनदा म्हणून घ्या. इमारत पडल्यावर, लोक पांगल्यावर केलेला अभ्यास हाही अभ्यासच असतो, त्यावर प्रबंधही लिहिता येतो. त्या ३६० घरांना मात्र त्याचा उपयोग नसतो.

आरोग्य विभागाचं म्हणणं

सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य विभागात डॉ. राजीव भाटिया हे पर्यावरण आणि कामगार आरोग्याचं काम पाहत होते. त्यांच्या चमूने नवीन कायदा मागितला नाही. होता तोच कायदा उघडून वाचला. कॅलिफोर्नियात १९७० पासून पर्यावरण गुणवत्ता कायदा आहे. मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरण परिणाम अहवाल करावा लागतो. त्या कायद्याच्या नियमांतच म्हटलंय की प्रकल्पामुळे माणसांवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मोठा विपरीत परिणाम होणार असेल तर तो महत्त्वाचा धरायचा. आणि मोठ्या संख्येने लोक विस्थापित होऊन त्यांच्यासाठी दुसरीकडे घरं लागणार असतील, तर तेही तपासायचं. नियम होते, पण विस्थापनाची तब्येतीशी सांगड घालून ते वाचण्याची रीत नव्हती. अहवालात हवा, आवाज, वाहतूक, सावली अशी सदरं असत. माणूस घराबाहेर फेकला गेला तर त्याचं काय होतं, याचं सदर नसे.

मग विभागाने भाडेकरूंशी बोलून आणि आधीच्या संशोधनाचा आधार घेऊन साखळी मांडली. वर्गात ही साखळी फळ्यावर बाणांनी काढा, सगळ्यात जास्त शिकणं इथे होतं.

घर गेलं. त्याच शहरात त्या भाड्यात दुसरं मिळत नाही. मग तीन वाटा उरतात. पहिली, जास्त भाडं द्यायचं. पगार तोच, म्हणून काटकसर होते ती खाण्यात आणि औषधात. दुसरी, नातेवाइकांकडे किंवा लहान जागेत दाटीवाटीने राहायचं, नाहीतर पडक्या, ओल आलेल्या घरात. गर्दीत संसर्ग पसरतो, ओलीने दमा बळावतो, जुन्या घरांच्या रंगातलं शिसं लहान मुलांच्या पोटात जातं. तिसरी, शहराबाहेर लांब जायचं. मुलांची शाळा बदलते, कामाला जायला दोन तास लागतात, आणि जिना चढताना हात देणारी, ताप आला तर पेज आणून देणारी शेजारीण तुटते.

हा शेवटचा मुद्दा मुलं पटकन पकडतात. 'शेजार' ही आरोग्याची गोष्ट आहे हे त्यांना पुस्तकाने सांगावं लागत नाही. म्हाताऱ्या एकट्या माणसासाठी तर शेजार म्हणजे अर्धा दवाखानाच. आणि या सगळ्याच्या वर कायमचा ताण असतो. नोटीस कधी येईल या धास्तीत घालवलेले महिने शरीरावरही उमटतात.

नियोजन विभागाने पुढे आपली व्याप्ती बदलली आणि विस्थापन व त्याचे आरोग्यावरचे अप्रत्यक्ष परिणाम पर्यावरण अहवालात विचारात घ्यायला सांगितलं.

आता एक गोष्ट मुलांना स्पष्टपणे सांगा, नाहीतर हा धडा परीकथा होईल. अहवालाने घरं वाचवली नाहीत. भाडेकरूंची संघटना होती, त्यांनी मोर्चे काढले, सभांना गर्दी केली, त्यांची बाजू घेणारे लोकप्रतिनिधी होते. आरोग्य विभागाच्या कागदाने एवढंच केलं की त्यांच्या तक्रारीला सरकारी फायलीत जागा मिळाली. 'आम्हाला त्रास होईल' याचं 'हा परिणाम तपासल्याशिवाय मंजुरीला अडचण येईल' असं झालं. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ विलंब आणि कोर्टकचेरीचा धोका. मग वाटाघाटी झाल्या.

तडजोड अशी ठरली. नव्या प्रकल्पात ३६० घरं भाडेनियंत्रणाखालीच राहतील, जुन्या भाडेकरूंचे करार पुढे चालू राहतील, शिवाय रहिवाशांच्या बैठकांसाठी सुमारे १००० चौरस फुटांची जागा आणि मुलांसाठी खेळायची सोय. प्रकल्प थांबला नाही, उलट नंतर तो १९०० घरांपर्यंत वाढला. बांधकाम टप्प्याटप्प्याने झालं. २०१० मध्ये पहिली इमारत तयार झाली, जुने भाडेकरू तिच्यात गेले आणि मग त्यांची जुनी घरं पडली.

त्याआधीची एक आकडेमोड

ट्रिनिटी प्लाझा हा या विभागाचा पहिला प्रयत्न नव्हता. १९९९ मध्ये शहरात चर्चा चालू होती की पालिकेच्या कंत्राटांवर काम करणाऱ्यांना तासाला ११ डॉलर मजुरी द्यावी का. अर्थतज्ज्ञ खर्च मोजत होते. आरोग्य विभागाने दुसरी बाजू मोजली. उत्पन्न वाढलं तर अकाली मृत्यूचा धोका किती घटेल, आणि त्या कामगारांची मुलं शाळा पूर्ण करण्याची शक्यता किती वाढेल? दोन्ही बाबतींत लाभ दिसला. हा अभ्यास २००१ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख नियतकालिकात आला. त्या देशातल्या आरोग्य परिणाम मूल्यांकनांची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच सांगितली जाते.

शिक्षक म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. बापाच्या पगाराचा परिणाम म्हणून मुलाची शाळा मोजली गेली. शाळा सोडलेल्या मुलाच्या नावापुढे आपण 'अनियमित' लिहितो आणि रजिस्टर मिटतो. धोरण ठरवणाऱ्यांनी २०० मुलांच्या शाळेतल्या गळतीकडे त्यांच्या आईवडिलांच्या मजुरीचा परिणाम म्हणून पाहिलं, तर चर्चा कुठल्या कुठे जाईल.

मंजूर झालं ते मात्र ११ नव्हे. २००० मध्ये जो नियम आला त्यात सुरुवातीचा दर तासाला ९ डॉलर होता. मूल्यांकन म्हणजे सल्ला, हुकूम नव्हे. हे वाक्य वहीत लिहून घ्यायला हरकत नाही.

एका इमारतीकडून अर्ध्या शहराकडे

एकेका इमारतीसाठी भांडत बसण्यापेक्षा अख्ख्या भागाच्या आराखड्याचंच मूल्यांकन करावं, असं पुढे ठरलं. शहराच्या पूर्व भागात मिशन, साउथ ऑफ मार्केट, पोट्रेरो हिल या वस्त्यांमध्ये कारखाने-गोदामांच्या जमिनींवर घरांना परवानगी द्यायचा आराखडा चालू होता. नोव्हेंबर २००४ मध्ये आरोग्य विभागाने वीसहून जास्त संस्थांना एका टेबलाशी बसवलं. भाडेकरूंच्या संघटना होत्या, पर्यावरणवाले होते, बिल्डरांची बाजू मांडणारेही होते. दीड वर्ष, मे २००६ पर्यंत, ही मंडळी भेटत राहिली.

निकाल थोडा अनपेक्षित निघाला. मूल्यांकन करायचं तो आराखडाच सारखा बदलत होता. शेवटी आराखड्यावर थेट निवाडा न देता या मंडळींच्या कामातून एक मोजपट्टी तयार झाली. शंभराहून जास्त निर्देशक. बाग किती अंतरावर आहे, ताजी भाजी कुठे मिळते, शाळा चालत जाण्याएवढी जवळ आहे का, घरभाडं कमाईच्या किती भाग खातं. पुढचा कोणताही प्रकल्प या पट्टीवर ताडून बघता येईल, ही कल्पना.

यावर टीका होऊ शकते, आणि मला ती बरीच रास्त वाटते. दीड वर्ष बैठका आणि शेवटी कोणावरही बंधनकारक नसलेली यादी! पण त्याच काळात त्याच विभागाच्या माणसांनी नकाशे काढले, हवा आणि आवाज मोजला, आणि त्यातून एक बंधनकारक नियम निघाला. त्याकडे जरा बारकाईने पाहू.

खिडकी बंद ठेवून मिळणारी हवा

नव्याने घरं येणार होती त्या भागातून मोठे महामार्ग जातात. गाड्यांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, फुप्फुसात खोलवर जातात. हवेची सरासरी आकडेवारी अख्ख्या शहरासाठी बरी असली तरी रस्त्याला लागून असलेल्या गॅलरीत ती बरी नसते. (पुन्हा सरासरी!)

२००८ मध्ये शहराच्या आरोग्यसंहितेत कलम ३८ आलं. वर्दळीच्या रस्त्यांजवळ नवीन घरं बांधायची तर आधी तपासायचं, की त्या जागी निव्वळ रहदारीमुळे हवेत किती सूक्ष्म कण मिसळतात. ते प्रमाण घनमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर २००८ च्या त्या नियमानुसार बाहेरच्या हवेतले किमान ८० टक्के कण अडवणारी गाळणी असलेली वायुवीजन व्यवस्था बसवल्याशिवाय परवानगी नव्हती.

चांगला नियम होता. आता वर्गाला विचारा, यात कोण सुटलं? एखादी हुशार मुलगी सांगेलच. नियम नव्या इमारतींना होता. त्याच महामार्गाच्या कडेला तीस-चाळीस वर्षं जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची हवा तीच राहिली. गाळणीवाल्या घरात कोण राहायला आलं? ज्याला नवं घर परवडतं तो. आरोग्यासाठी केलेला नियमही आरोग्यातली दरी कमी करेलच असं नाही. आणि गाळणी घराच्या आत बसते, रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्याच राहतात.

रस्त्यांचंही असंच. आरोग्य विभागाने अपघातांच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा दिसलं की शहरातल्या साधारण १२ टक्के रस्त्यांवर ७० टक्क्यांहून जास्त गंभीर आणि जीवघेणे अपघात होतात. म्हणजे पैसा कुठे खर्च करायचा हे कळलं. २०१४ मध्ये शहराने ठरवलं की २०२४ पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणायचे. कित्येक चौक सुधारले, पादचाऱ्यांना वेळ वाढवून मिळाला, पण शून्य काही झालं नाही. नकाशा असणं वेगळं आणि गाडीचा वेग कमी करणं वेगळं.

आपल्याकडे काय आहे?

पालक हे विचारणारच. भारतात १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना आहे. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना तिच्यानुसार आधी पर्यावरण मंजुरी लागते. खाणी, कारखाने, धरणं यांसाठी जनसुनावणीही असते. पण त्याच मूळ अधिसूचनेत इमारती आणि नगरवसाहतींच्या प्रकल्पांना लोकांशी सल्लामसलतीतून सूट दिलेली आहे. म्हणजे शहरात ज्या प्रकारच्या प्रकल्पाने शेजार मोडतो, त्याच प्रकारात शेजाऱ्यांना विचारायची सक्ती नाही. आरोग्य परिणाम मूल्यांकन अशी वेगळी बंधनकारक पायरी तर नाहीच.

मात्र विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की महाराष्ट्रात नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. ही खिडकी उघडी आहे. ट्रिनिटी प्लाझाची गोष्ट इथे कामाला येते, कारण तिथेही नवा कायदा नव्हता, असलेल्या कागदावर नवा प्रश्न लिहिला गेला होता. 'शाळेजवळचं बागेचं आरक्षण उठवल्यास आमच्या वॉर्डातल्या मुलांना चालत जाता येईल असं दुसरं मैदान नाही', ही हरकत नुसत्या 'आमचा विरोध आहे' पेक्षा वजनदार असते. अंतर मोजून लिहिली तर आणखीच.

वर्गात घेताना

पहिल्या तासाला वजाबाकी, ट्रिनिटी प्लाझाची गोष्ट आणि बाणांची साखळी. साखळी मुलांकडूनच काढून घ्या. 'घर गेलं' एवढंच लिहून खडू त्यांच्या हातात द्या. एक काळजी मात्र घ्या. वर्गात एखादं मूल असं असू शकतं, ज्याच्या घराला खरोखरच नोटीस आलेली आहे किंवा जे नुकतंच घर बदलून आलंय. त्याला उभं करून 'तू सांग' म्हणू नका. त्याला बोलावंसं वाटलं तर ते आपणहून बोलेल.

दुसऱ्या तासाला गट करा आणि एकच छोटा निर्णय द्या. शाळेसमोरचा रस्ता एकदिशा करायचा, किंवा फाटकासमोर लागणारी भाजीची गाडी हलवायची. प्रत्येक गटाने एकेक माणूस घ्यायचा : भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका, पहिलीतलं मूल, समोरच्या इमारतीतल्या आजी, शाळेचे शिपाईमामा. निर्णयाने त्या माणसाचं चालणं, कमाई, खाणं, झोप, श्वास यांत काय बदलेल, ते लिहायचं. जे मोजता येईल ते मोजूनच लिहायचं. आजींना रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात, मावशींची नवी जागा किती पावलांवर आहे.

शेवटी प्रत्येक गटाकडून एकच शिफारस घ्या. 'निर्णय रद्द करा' ही शिफारस चालणार नाही, असं आधीच सांगा. मुलं कुरकुरतात, मग विचार करायला लागतात. माझ्या वर्गात एका गटाने गाडी हलवायला संमती दिली, पण नवीन जागी सावली आणि पिण्याचं पाणी आधी द्या, गाडी नंतर हलवा असं लिहिलं. 'आधी'खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.